नरांचा माज: परसातल्या बदकांत मारामारी लागते तेव्हा

एक दिवसाची पिल्लं विकणारा नर-मादी निवडून देत नाही. 10 पिल्लं घेतली की त्यात चार-सहा नर निघायचेच. पुढच्या कटकटीचं बी तिथेच पडलेलं असतं, दिसायला मात्र चार-पाच महिने जावे लागतात. तोवर सगळी एका रांगेत चालतात, एकाच घमेल्यात चोची बुडवतात आणि घरातले म्हणतात, 'कोंबड्यांपेक्षा बरी की ही!' मग एका सकाळी खुराडं उघडलं तरी एखादी मादी बाहेर येत नाही. कोपऱ्यात मान आखडून बसलेली असते आणि मानेमागची पिसं जाऊन कातडं उघडं पडलेलं असतं.

आमच्या परसात खाकी कॅम्पबेल जास्त, सोबत थोडी पांढरी पेकिन आणि लाल तोंडाची मस्कोव्ही. या तिन्हींशी गाठ पडल्यावर आम्ही एक क्रम ठरवून घेतला आहे. नराचा स्वभाव वाईट आहे का, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. आधी नर किती, माद्या किती, जागा किती आणि रात्री कोण कोणासोबत कोंडलं जातं, हे मोजायचं. बहुतेक वेळा स्वभावापर्यंत जायची वेळच येत नाही.

मोजायला नर ओळखता आला पाहिजे. सहा-आठ आठवड्यांनी आवाज फुटतो. मादी मोठ्यानं, खणखणीत 'क्वॅक क्वॅक' करते; नराचा आवाज बारीक, घोगरा, घसा बसल्यासारखा. पिल्लू हातात धरलं की ते ओरडतंच, त्यामुळे ही परीक्षा सोपी. पुढे तीन-चार महिन्यांच्या सुमाराला नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळून कुरळी होतात. मस्कोव्हीला हे कुरळं पीस येत नाही. ती वेगळीच जात, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. बाकीची आपली बहुतेक पाळीव बदकं रानटी मॅलार्डपासून आलेली. मस्कोव्हीचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो, तोंडावर लाल मांसल गाठी भरपूर, आणि आवाज म्हणजे नुसता फुत्कार.

प्रमाण सांगायचं तर खाकी कॅम्पबेलसारख्या हलक्या जातीत एका नराला सहा-सात माद्या, पेकिनसारख्या जड जातीत चार-पाच. हे प्रमाण अंडी फलित व्हावीत म्हणून सांगतात, पण माद्यांच्या अंगावरची पिसं टिकायलाही तेच लागतं. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर एकही नको. नराशिवाय मादी तेवढीच अंडी घालते. हे कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही आणि 'एखादा असू द्या सोबतीला' म्हणून तीन माद्यांत दोन नर ठेवले जातात. आमच्या मते हा सगळ्यांत वाईट मेळ. दोघांची एकमेकांशी चढाओढ आणि दोघांचा भार तिघींवर. त्यापेक्षा 12 माद्यांत दोन नर निवांत नांदतात.

आता मारामारी म्हणायची कशाला? बदकांचं लागणंही, म्हणजे नर-मादीचा समागम, बघायला रांगडंच असतं, नवख्या माणसाला तेच भांडण वाटतं. मादी राजी असेल तर आधी दोघंही माना वर-खाली हलवतात, मग मादी पाण्यावर मान लांब करून सपाट पसरते, नर मानेची पिसं चोचीत धरून चढतो आणि काही सेकंदांत सगळं उरकतं. नंतर मादी डुबक्या मारते, पंख झाडते आणि चरायला लागते. यात पडायचं काही कारण नाही. काळजी करायची ती मादी पळत असताना, कुंपणाच्या कडेनं धावत ओरडत असताना, आणि एकामागून एक दोन-तीन नर तिच्यावर चढत असताना. नरानराचंही तसंच. छातीला छाती लावून, एकमेकांची मान धरून, पंखांनी बडवत अर्ध्या-एक मिनिटाची झटापट होते, एक पळतो, दुसरा थांबतो. हे चालायचंच. पळणाऱ्याच्या मागे जाऊन दुसरा त्याला कोपऱ्यात दाबत असेल, चाऱ्याजवळ फिरकू देत नसेल, तर मात्र दोघांना वेगळं करावं.

माद्या दर आठवड्याला हातात घेऊन तपासाव्यात. लांबून काही कळत नाही, कारण वरची पिसं आतली जखम झाकतात. मादीला काखेत धरून मानेमागची पिसं अंगठ्यानं उलटी सारायची आणि हलकी फुंकर मारायची. निळसर, जाडसर खुंट दिसले तर ती नवी येणारी पिसं. दुखापत जुनी आहे आणि भरते आहे. नुसतं गुलाबी कातडं असेल तर पिसं हल्लीच उपटली गेली आहेत. खपली, ओल किंवा वास असेल तर मादी त्याच दिवशी बाजूला घ्यायची. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं, पण मधेच मोडलेलं पीस पुढच्या पिसं झडण्यापर्यंत तसंच राहतं. पाठीवरची पिसं मोडकी दिसत राहिली म्हणून नर अजून त्रास देतोय असं समजू नये. डोळे बघायचे: मान धरायच्या नादात चोच डोळ्याला लागते, पापणी सुजते. मग मादीला चालवून बघायचं. जड नर वारंवार चढला की ती एका पायावर लंगडायला लागते.

दोषी कोण, हे सकाळी खुराडं उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात कळतं. नरांचा जोर तेव्हा सर्वांत जास्त, दुसरी वेळ संध्याकाळची. पायात वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिकचे केबल टाय घालून ठेवले की ओळख पटते. टाय पायावर सैल फिरला पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. वाढत्या वयाच्या नराचा पाय जाड होतो, त्यामुळे महिन्यानं तो कापून नवा घालायचा. विसरलात तर टाय मांसात रुततो. आमच्या पाहण्यात सर्वांत मोठा नर क्वचितच मुख्य गुन्हेगार निघतो. पहिल्या वर्षातली, नुकती वयात आलेली पोरं टोळीनं मागे लागतात, नुकसान तीच करतात. दोन वर्षांचा जुना नर पुष्कळ निवळलेला असतो. म्हणून काढायची वेळ आली की आधी तरुण नर बघावेत.

नर पकडायचा तो रात्री, बॅटरीच्या उजेडात. दिवसा मागे धावलात तर सगळा कळप उधळतो आणि एखादीचा पाय मुरगळतो. दिवसाच पकडणं भाग असेल तर दोन्ही हातांत बांबूच्या लांब काठ्या आडव्या धरून कळप हळूहळू कोपऱ्यात न्यायचा; बदकं जमावानं चालतात, त्याचा फायदा घ्यायचा. कोंबडीसारखं तंगड्यांना धरून उलटं लटकवायचं नाही. बदकाचे पाय शरीराच्या मानानं नाजूक, सांधा लगेच निखळतो. दोन्ही तळवे पंखांवरून घालून पंख मिटलेले ठेवायचे आणि बदक काखेत घ्यायचं, तोंड मागे, शेपूट पुढे. चोच आपल्या तोंडापर्यंत येत नाही आणि शीट कपड्यांवर न पडता पुढे पडते. मस्कोव्हीला हात लावण्याआधी लांब बाह्यांचा जाड सदरा घाला. तिची नखं खरोखरची नखं असतात, दंडावर ओरखडे उठतात.

काढलेल्या नरांना ठेवायचं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. शेजारीच जाळी लावून कप्पा केला तर निम्मं कामही होत नाही. जाळीतून माद्या दिसतात, नर दिवसभर जाळीला चिकटून येरझारा घालतात, पलीकडच्या नराशी जाळीतूनच चोची लढवतात आणि चोचीच्या मुळाशी सोलून घेतात. आडोसा पूर्ण हवा. जमिनीपासून तीन फूट ताडपत्री, जुने पत्रे किंवा माडाची विणलेली झापं, वर जाळी. दुहेरी शेडनेटही चालतं, पण वाऱ्यानं ते फडफडलं की बदकं बिचकतात, म्हणून खालची कड चिऱ्यांनी दाबून ठेवावी. शक्य असेल तर घराच्या दुसऱ्या बाजूलाच जागा करावी, म्हणजे माद्यांचा आवाजही लांब पडतो. माद्या दिसेनाशा झाल्या की नर आपापसांत आश्चर्य वाटावं इतके शांत राहतात. पहिले दोन-तीन दिवस वरखाली ठरवायची ढकलाढकली होते, मग सगळे एका टबात डुंबतात. त्यांच्यातच एखादी मादी 'सोबत' म्हणून टाकणं म्हणजे तिचा जीव घेणं. एकटा नर मात्र फार काळ कोंडू नये, तो खाणं टाकतो. दोघे ठेवावेत.

जागेचा हिशेब असा: रात्रीच्या निवाऱ्यात एका बदकाला 3 चौरस फूट, बाहेर फिरायला 10 ते 15 चौरस फूट, आणि हे कमीत कमी. मोकळ्या जागेइतकाच आडोसाही लागतो. रिकाम्या चौकोनी अंगणात मादीला लपायला काही नसतं. केळीचा गड्डा, उलटी टेकवलेली फळी, आडवं टाकलेलं पिंप, असं काहीबाही मधे असलं की नराची नजर तुटते आणि पाठलाग तिथेच संपतो. पिंपाची दोन्ही तोंडं उघडी ठेवा. एकच तोंड असलं तर आत शिरलेली मादी अडकते. चारा-पाणी दोन ठिकाणी ठेवावं, एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही असं. दोन्ही भांडी एक नर राखू शकत नाही.

पाण्याची भांडी 15 ते 20 सेंटीमीटर खोल असली की बदकाला अख्खं डोकं बुडवून नाकपुड्या आणि डोळे धुता येतात. तेवढं रोज मिळायलाच हवं. खोल टाकी मात्र नर जास्त असताना धोक्याची. पाण्यात मादीवर एकामागून एक नर चढले तर तिचं डोकं खालीच राहतं आणि बदकासारखं बदक बुडून मरतं. सिमेंटच्या टाकीला बाहेर यायला उतार नसेल तर आणखी वाईट. नरांचा बंदोबस्त होईपर्यंत टाकी रिकामी करून उथळ घमेलीच ठेवावीत. उतार विटा रचून केला तर विटांवर गोणपाट बांधावं, नाहीतर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो.

आमच्या अनुभवात सगळ्यांत जास्त जखमा रात्री आणि पहाटे होतात, बंद खुराड्यात. तिथे पळायला वाव नसतो. नर-मादी दिवसा एकत्र ठेवायची असली तरी रात्री मधे फळी हवीच. खालची दोन फूट भरीव, वर जाळी. अंडी बहुतेक सकाळी 9 च्या आत घातली जातात, म्हणून तोवर माद्या आतच ठेवाव्यात, त्यांच्या कप्प्यात भाताचं तूस नीट पसरून. पहाटे घरट्यावर नरानं हैराण केलं की मादी बाहेर कुठेतरी झुडपात अंडी घालते, ती मुंगूस नेतो आणि आपण म्हणतो अंडी बंद झाली. 9 वाजता आधी माद्या सोडायच्या, त्यांचं खाऊन झालं की नर. या एका बदलानंही पुष्कळ फरक पडतो.

जखमेचं काम लगेच करायचं. 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. या पाण्यानं जखम धुवायची, भोवतीची चिकटलेली पिसं कात्रीनं कापायची, ओढायची नाहीत. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. हळद-खोबरेलाची आपली सवय इथे आवरावी: तेल पिसांना माखलं की पिसं पाणी धरतात, आणि भिजलेलं बदक गारठतं. पावसाळ्यात खरा शत्रू माशी. जखम उघडी राहिली तर दोन दिवसांत अळ्या पडतात. मादी मच्छरदाणी लावलेल्या डालग्यात कोरड्या तुसावर ठेवावी, खपली धरेपर्यंत चिखल आणि टाकी बंद. डोळ्याची इजा, मांसापर्यंत गेलेली जखम किंवा लोंबणारा पंख असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्यावं. कोंबड्यांच्या पाठीवर बांधायचं कापड बदकांना बांधू नका. ते पाण्यात भिजतं, खाली कातडं कुजतं.

नराचीही एक दुखापत असते, तिच्याकडे लोक लाजून दुर्लक्ष करतात. कोंबड्याला नसतं तसं बदकाच्या नराला लिंग असतं, पिळाचं आणि चांगलं लांब. अति लागण्यानं किंवा घाणीनं ते कधी कधी आत जात नाही, मागे लोंबतं, त्याला माती लागते, बाकीची बदकं टोचतात. असा नर लगेच वेगळा करून मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचा, सूज उतरायला साखरेचा घट्ट पाक लावायचा आणि स्वच्छ पाण्याच्या टबाजवळ ठेवायचा. बऱ्याचदा ते आत जातं. एका दिवसात गेलं नाही, सुकलं किंवा काळं पडलं तर डॉक्टर. तो भाग काढावा लागला तरी नर जगतो. त्याच्या लघवीची वाट ती नसते.

नराला असं लिंग असतं, याच कारणानं नर बदक आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. कोंबडीचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही. बदकाचा नर कोंबडीवर चढला तर ती आतून फाटू शकते, आणि बाहेरून काही दिसायच्या आत मरूही शकते. पुरेशा माद्या असल्या तरी काही नरांना कोंबड्यांचाच नाद लागतो, विशेषतः कोंबडीखाली उबवलेल्या आणि कोंबड्यांतच वाढलेल्या नरांना. त्यावर दुसरा उपाय नाही, वेगळं ठेवणं हाच. मस्कोव्हीचा नरही खाकी कॅम्पबेलच्या माद्यांत नको. चार-पाच किलोंचा नर आणि दोन किलोंची मादी. शिवाय त्यांची पिल्लं वांझ निघतात, म्हणजे पुढे वंशही चालत नाही.

माणसावर धावून येणाऱ्या नराचं प्रकरण वेगळं. हा बहुधा एकटा, हातावर वाढवलेला असतो. त्याला माणूस आपल्यातलाच वाटतो, आणि वयात आल्यावर तो माणसाशी नरासारखा वागतो: पायाला चोच मारतो, विजारीला लोंबकळतो. पळू नये, लाथ तर मारूच नये. बदकाचं हाड मोडायला वेळ लागत नाही. जागेवर उभं राहायचं, हातातलं घमेलं पायापुढे धरायचं, आणि तरी आला तर शांतपणे उचलून काखेत घ्यायचं. अंग ताठ आहे तोवर सोडायचं नाही, सैल पडलं की खाली ठेवायचं. पुन्हा आला, पुन्हा उचलायचं. मान जमिनीला दाबून 'धाक' दाखवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. एखाद-दोन दिवस फरक दिसतो, मग तो अधिक चिडखोर होतो असं आमचं निरीक्षण आहे. हातानं भरवणं बंद करावं आणि त्याला इतर नरांत टाकावं. घरात लहान मूल असेल तर हे प्रयोग नकोत. मुलाचा चेहरा बदकाच्या चोचीच्या फार जवळ असतो.

ऋतूचा हातही ओळखावा. दिवस मोठा होऊ लागला की नरांचा माज वाढतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा, जूनमध्ये 13 तासांहून थोडा जास्त, म्हणजे थंड देशांइतका टोकाचा फरक नाही. तरी उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पहिल्या पावसात परसात पाणी साचल्यावर पाठलाग वाढलेला दिसतोच. भर घालतो तो खुराड्यातला रात्रभर जळणारा दिवा. रानमांजराच्या भीतीनं दिवा ठेवण्यापेक्षा दाराची कडी आणि जाळी मजबूत करावी.

वेगळा केलेला नर आठवडा-दोन आठवड्यांनी परत सोडून बघता येतो. एकट्यालाच सोडायचा, दुपारच्या सुस्त वेळी, मोकळ्या जागेत, आणि आपण तिथे थांबायचं. मधल्या काळात माद्यांची आपली उतरंड लागलेली असते, त्यात तो नवखा ठरतो आणि दबून राहतो. पुन्हा तेच सुरू झालं तर तो कायमचा नरांच्या कप्प्यात. पिल्लांसाठी म्हणाल तर नर बारा महिने माद्यांत लागतही नाही. नर काढल्यावरही आठवडाभर अंडी फलित निघतात. म्हणून उबवायची अंडी हवी असतील तेव्हाच निवडलेला नर आठवड्यातून दोन-तीन दिवस आत सोडायचा. खाकी कॅम्पबेल खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात, 28 दिवस. मस्कोव्ही स्वतः बसते, तिची 35 दिवसांची.

उरलेल्या नरांचा निर्णय लांबवू नये. खाण्यासाठी ठेवायचे तर पेकिन सात-आठ आठवड्यांचा झाला की कापावा. नंतर नवी पिसं फुटतात आणि सोलताना खुंट निघता निघत नाहीत. माजावर आलेल्या जुन्या नराच्या मांसाला उग्र वास येतो, तो मसाल्यानंही झाकत नाही. नर कुणाला पाळायला द्यायचा असेल तर त्याच्याकडे माद्या किती आहेत ते आधी विचारा, कोंबड्या मोकळ्या आहेत का तेही विचारा, आणि हा माणसाच्या अंगावर येतो की नुसता माद्यांमागे लागतो हे स्पष्ट सांगून द्या.